स्टॉलवर बसणार कोण? सासवड-नारायणपूर रस्त्यावरच्या एका शेताचं प्रकरण

सासवडहून नारायणपूरकडे जाताना डाव्या हाताला हे शेत लागतं. सव्वातीन एकर. एक एकर अंजीर, सव्वा एकर सीताफळ, बांधाने पेरू, उरलेल्यात पावसाळी वाटाणा आणि नंतर मेथी-कोथिंबीर. घर, विहीर, गोठा सगळं रस्त्याच्या या बाजूला. पलीकडे मात्र याच शेताचा दोनेक गुंठ्यांचा त्रिकोणी तुकडा राहिला आहे. मधून रस्ता गेल्यापासून तो पडीकच. घरात सत्तरी गाठलेल्या आजी, मुलगा, सून, कॉलेजातला नातू आणि शाळेतली नात. नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

मुलाने माझ्याकडे केलेली मागणी साधी होती. रस्त्याला स्टॉल टाकायचाय, लोकांनी थांबलं पाहिजे, आराखडा द्या. मोबाइलमध्ये त्याने फोटोही जमवले होते. रंगवलेली लाकडी गाडी, मातीची मडकी, खडूने लिहिलेला फळा. स्टॉल असा दिसला की लोक आपोआप वळतील, असा त्याचा हिशेब. मी फोटो बाजूला ठेवायला सांगितले आणि दोन प्रश्न विचारले. कुठल्या दिवशी किती माल निघतो? आणि तिथे दिवसभर बसणार कोण? पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. दुसऱ्याला तो म्हणाला, "बसेल की कुणीतरी."

या "कुणीतरी"वरच बहुतेक शेतस्टॉल बसतात, म्हणजे बंद पडतात.

माल रोजचा, गिऱ्हाईक आठवड्याचं

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, पण फळाचा स्वभाव काही बदलला नाही. झाडावर पिकल्याशिवाय गोडी येत नाही, आणि पिकलेलं तोडलं की दीड-दोन दिवसांत संपवावं लागतं. पहाटे तोडणी करायची, देठाचा चीक बोटांना लागू नये म्हणून हाताला तेल चोळायचं, पाटीत अंजिराचीच पानं अंथरून एकेक फळ बसवायचं आणि ऊन चढायच्या आत माल गाडीत. आजी हे काम पन्नासेक वर्षं करत आल्या आहेत. फळ देठाकडून किंचित पिरगाळून वर उचलायचं. सरळ ओढलं की गळ्याशी साल फाटते आणि दुपारपर्यंत तिथे माशी बसते. त्यांच्या पाटीत असं फाटलेलं फळ शोधावं लागतं. मुलाच्या पाटीत शोधावं लागत नाही.

लागवडीच्या नेहमीच्या अंतराने एकरात दीडशेच्या आसपास झाडं बसतात. हंगाम भरात असला की या शेतातून रोज साठ-सत्तर किलो अंजीर निघतो; सुरुवातीला आणि शेवटी त्याच्या निम्मा. आता रस्ता बघा. नारायणपूरला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे, शेजारी यादवकालीन नारायणेश्वर, वर पुरंदर किल्ला. दत्ताचा वार गुरुवार. शिवाय पौर्णिमा आणि रविवार. पावसाळ्यात शनिवार-रविवारी किल्ल्यावर जाणारी तरुण मंडळी. काही गाड्या तशाच पुढे केतकावळ्याच्या बालाजीला जातात. एरवी मंगळवारी दुपारी या रस्त्यावर ऊसतोडीचा ट्रॅक्टर, दुधाची गाडी आणि एसटी, एवढंच.

म्हणजे झाड रोज देतं आणि गिऱ्हाईक आठवड्यातून दोन दिवस येतं. शुक्रवारचा अंजीर रविवारसाठी राखून ठेवता येत नाही. त्यामुळे "आता व्यापाऱ्याला रामराम, सगळा माल स्टॉलवर" हा मुलाचा बेत पहिल्याच बैठकीत बाजूला पडला. स्टॉलने गुरुवार-रविवारचा माल उचलायचा, बाकीचे पाच दिवस गाडी नेहमीसारखी सासवडला किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात जायची. व्यापाऱ्याशी तोंड वाकडं करायचं नाही. जुलै २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे, तेव्हा कायद्याने अडवणारं कुणी नाही; पण बुधवारी साठ किलो पिकलेला अंजीर घ्यायला कायदा येत नाही, व्यापारीच येतो.

सीताफळाचं गणित याच्या उलट, आणि स्टॉलचा खरा आधार तेच फळ आहे. सीताफळ तोडल्यावर पिकतं. डोळे उघडले, खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागल्या की तोडायचं. पुढे तीन-चार दिवसांत मऊ होतं. बुधवार-गुरुवारची तोड रविवारी बरोबर हाताशी येते. म्हणून आराखडा सीताफळाच्या महिन्यांभोवती बांधला, अंजीर त्यात पाहुणा. मुलाला हे फारसं रुचलं नाही. नाव अंजिराचं आहे ना! फलकावर अंजीर ठेवा, पण कमाईचा भरवसा सीताफळावर ठेवा, इतकं मान्य झालं.

रस्त्याची बाजू

देवदर्शनाला निघालेला माणूस जाताना फळं घेत नाही. गाडी तापते, फळ मऊ होतं. तो परतताना घेतो. आणि परतीची गाडी या शेताच्या समोरच्या बाजूने जाते, म्हणजे त्या त्रिकोणी तुकड्याला लागून. मुलाचं म्हणणं, स्टॉल तिकडेच टाकू. निव्वळ विक्रीचा विचार केला तर त्याचं बरोबर होतं.

पण तोवर बसणार कोण याचं उत्तर निघालं होतं. मुलाला दोन्ही दिवशी तोडणी, भरणी, गाडी. सुनेला जनावरं, स्वयंपाक, मुलांचं बघणं, शिवाय तोडणीत अर्धा वाटा. नातवाचा रविवार मोकळा, पण तो फोनमध्ये. राहिल्या आजी. त्यांनीच विषय संपवला: "मी बसते. नाहीतरी ओट्यावर बसूनच असते." त्यांचे गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे आणि तासा-दोन तासाने घराकडे जावं लागतं. ही बाई दिवसातून चार-सहा वेळा रस्ता ओलांडणार असेल तर तो आराखडा कागदावरही नको.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. "स्वागतशील स्टॉल" म्हटलं की आपण गिऱ्हाइकाला काय दिसेल याचा विचार करत बसतो. गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी दिसतो तो बसलेला माणूस. तो उन्हाने त्रासलेला, लघवी दाबून बसलेला, सुट्ट्या पैशांच्या काळजीत असेल तर मडकी आणि रंगीत गाडी काय कामाची? म्हणून प्रत्येक निर्णय आजींपासून सुरू करायचा आणि मग रस्त्याकडे जायचं, असं ठरवलं.

स्टॉल घराच्या बाजूलाच ठेवला, पण फाटकासमोर नाही. फाटक वळणाच्या पोटात आहे. तिथे मागून येणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. वळण संपल्यावर साठेक पावलांवर बैलगाडीची जुनी वाट आत जाते. तिथून दोन्हीकडे लांबवर दिसतं आणि घराचा मागचा दरवाजाही जवळ. ती वाट मुरूम टाकून रुंद केली, आत पाच गाड्या उभ्या राहतील आणि सरळ वळून बाहेर पडतील एवढी. गाडी मागे घेत रस्त्यावर यावं लागलं की बायकोच्या कपाळाला आठी पडते आणि नवरा परत कधी थांबत नाही. मुरूम दाबून बसवण्यात हात आखडायचा नाही, हे मी जरा हट्टानेच लिहून घेतलं. या पट्ट्यात जुलैमध्ये चिखलात रुतलेली एक गाडी पाहिली की मागच्या दहा पुढे निघून जातात.

परतीच्या गाड्यांचं काय? तो तोडगा सुनेचा. जाताना थांबलेल्या माणसाने फळ निवडायचं, चाखायचं, आणि खोक्यावर नावाची चिठ्ठी लावून ठेवून जायचं. परतताना पलीकडच्या त्रिकोणात गाडी थांबवून फोन करायचा. सून किंवा नातू खोकं नेऊन देणार. पैसेही तेव्हाच. त्यासाठी तो पडीक तुकडा सपाट केला, झुडपं काढली, बाकी काही नाही. "आणि लोक आलेच नाहीत तर?" मुलाने विचारलं. आले नाहीत तर संध्याकाळी तेच सीताफळ दुसऱ्याला विकायचं; अंजिराचे पैसे मात्र आधी घ्यायचे.

फलकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे सगळेच पैसे वाया घालवतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. फलक वाचणं, "थांबू या का?" हे शेजारच्याला विचारणं, आरसा बघणं, वेग कमी करणं, यात सात-आठ सेकंद सहज जातात. म्हणजे पहिला फलक स्टॉलच्या सव्वाशे ते दीडशे मीटर अलीकडे हवा. स्टॉलच्या डोक्यावरचा मोठा फ्लेक्स हा पुढे निघून गेलेल्या माणसासाठी असतो. फलक बनवणारे एक ठोकताळा सांगतात: एक इंच उंचीचं अक्षर साधारण तीस फुटांवरून आरामात वाचता येतं. दीडशे फुटांवरून वाचायचं तर पाच इंच. देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर-खाली पसरतात आणि अक्षराचा गाभा लहान राहतो, म्हणून आम्ही सात इंच धरलं. मुलाने लिहून आणलेला मजकूर होता, "ताजे, गोड, रसरशीत पुरंदर अंजीर व सीताफळ थेट शेतकऱ्याच्या बांधावरून योग्य दरात". त्यातला एक शब्द ठेवला. पहिल्या फलकावर फक्त "सीताफळ", हंगाम बदलला की "अंजीर". दुसऱ्यावर, पन्नास मीटरवर, बाण आणि "आत गाडी लावा". हे दुसरं वाक्य फार काम करतं. गाडी कुठे लावायची हे कळलं की थांबायचा निम्मा निर्णय झालेला असतो.

पहिला फलक शेजाऱ्याच्या बांधावर येतो. त्याला विचारून, रस्त्याच्या हद्दीबाहेर रोवला. रस्त्याच्या जागेत रोवलेला फलक आज ना उद्या उचलून नेतात, आणि ते योग्यच आहे.

मांडव

बारा फूट बाय दहा फूट. चार लोखंडी पाइप, वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट. दर्शनी बाजू पश्चिमेकडे झुकलेली, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर. म्हणून टेबल रस्त्याला समांतर न ठेवता काटकोनात फिरवलं आणि पश्चिमेच्या अंगाला पत्रा चार फूट पुढे काढला. आता आजींची पाठ घराकडे, उजव्या हाताला रस्ता, समोर गाड्या लावायची जागा. येणारा माणूस उतरल्यापासून दिसतो आणि मान सारखी वळवावी लागत नाही.

मांडवाखाली आधी घरातली निळी ताडपत्री बांधली होती. तिच्याखाली अंजिराची पाटी ठेवली आणि सगळे गप्प झाले. जांभळट तांबूस फळ काळं, दबल्यासारखं दिसत होतं. हिरव्या शेडनेटखाली सीताफळ ठीक दिसलं, पण अंजीर आणि पेरू मलूल. शेवटी पांढरं कापड लावलं. तीच पाटी, तोच अंजीर, पण साल उजळली, देठाजवळच्या रेघा दिसायला लागल्या. नातवाने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवले तेव्हा मुलाने ताडपत्री स्वतःच काढली. एवढ्या सगळ्या आराखड्यात सर्वांत स्वस्त बदल हाच होता.

टेबलाची उंची आजी खुर्चीत बसून काट्यापर्यंत हात नेतील एवढी, म्हणजे नेहमीच्या दुकानापेक्षा कमी. त्याचा आणखी एक फायदा: लहान मुलांना फळं दिसतात, आणि मूल दिसलं की आजी पिकलेलं अंजीर त्याच्या हातावर ठेवतात. ही त्यांची सवय आहे, मी काही सुचवलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक काटा मोठ्या आकड्यांचा घेतला, त्याचा आकडा गिऱ्हाइकाकडेही दिसतो. पैसे आल्याचं मराठीत बोलून सांगणारा छोटा स्पीकर ठेवला, कारण त्यांना मोबाइलचा पडदा वाचता येत नाही आणि "आले का पैसे?" असं अनोळखी माणसाला विचारायला त्यांना अवघडतं.

मागच्या बाजूला नळ. हा मी आग्रहाने घातला. सीताफळ खाल्लेले हात कुठे धुवायचे हा प्रश्न सुटला की लोक तिथेच खातात, आणि तिथे खाणारा माणूस घरी न्यायलाही घेतो. बियांसाठी वेगळं घमेलं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर वाईट जळजळ होते. त्या वाटेवर पडून चाकाखाली भरडल्या जायला नकोत.

स्वच्छतागृहावरून वाद झाला. प्रवासातल्या बायकांना त्याची फार गरज असते, आणि ते असलं तर गाड्या नक्की थांबतील, असं मी म्हटलं. सुनेने सरळ विचारलं, "धुणार कोण? आत्या बसणार, हे गाडीवर, मग मीच ना?" तिचा मुद्दा खरा होता. पहिल्या वर्षी नाही, असं ठरलं. कुणा बाईने विचारलंच तर घरचं दाखवायचं, पण फलकावर लिहायचं नाही.

टेबलावर काय

सीताफळाच्या तीन पाट्या: "आज", "उद्या", "परवा". गिऱ्हाईक फळ दाबून बघतं, दाबलेलं फळ दोन तासांत काळवंडतं. पाट्या वेगळ्या केल्या की दाबायचं कारण राहत नाही. आजी पहाटे एकेक सीताफळ तळहातावर घेऊन वाटणी करतात. आणि हेही सांगतात की कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं, नीट पिकत नाही. पुण्यातल्या किती घरांत दरवर्षी सीताफळं अशी वाया जातात कोण जाणे.

दर पाटीवर लिहिलेला, मोठ्या अक्षरात, दहाच्या पटीत. भाव विचारावा लागला की निम्मी माणसं विचारतच नाहीत. वजन समोर करायचं. डबे आधीच बांधून वजन लिहून ठेवावेत असं नातवाचं म्हणणं होतं, पण गिऱ्हाइकाच्या माघारी बांधलेल्या मालाला पाकीटबंद मालाचे नियम लागतात, नाव-पत्ता-तारीख सगळं छापावं लागतं. कशाला तो व्याप? राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, म्हणून कागदी पिशव्या आणि पुठ्ठ्याची खोकी.

दोन गोष्टी मी ठाम नको म्हटल्या. एक, मार्केट यार्डातून संत्री-मोसंबी आणून टेबल भरणं. रिकामं टेबल वाईट दिसतं हे खरं. त्यावर उपाय लहान टेबल. शेतात मोसंबीचं एकही झाड नाही हे गाडी लावताना समोर दिसतं. शेजाऱ्याचा वाटाणा ठेवायला हरकत नाही, मात्र "शेजारच्या मळ्यातला" असं सांगून. दुसरी, सीताफळ रबडी. कल्पना मुलाची, आणि पैसा त्यात आहे यात शंका नाही. पण दूध, बर्फ, उन्हाळा आणि एकटी बसलेली वयस्कर बाई हे जमणारं नाही. कायद्याचा फरकही मोठा आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ शेतकऱ्याने शेतावर पिकवलेल्या मालाला लागू होत नाही. गर काढला, रबडी केली की नोंदणी घ्यावी लागते. नोंदणी अवघड नाही, पण त्यामागची रोजची स्वच्छता आणि थंडावा सांभाळणं अवघड आहे.

कागदपत्रं थोडकीच. काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का, दरवर्षी नव्याने. रस्त्यालगत बांधकाम रेषेच्या आत पक्कं काही नाही, म्हणून पाया न खोदता पाइप उभे केले. वाट रस्त्याला मिळते तिथे गटारावर नळकांडी पूल टाकायला सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी हवी. तो अर्ज दिला आहे.

पहिला हंगाम

गणेशोत्सवाच्या आधी स्टॉल सुरू झाला; ठरलेले गुरुवार-रविवार आणि जोडीला शनिवार, एवढेच दिवस. आठवड्याचे सातही दिवस उघडायची मुलाची इच्छा आजींनीच मोडली. पहिल्या काही आठवड्यांत चिठ्ठीची योजना फसल्यासारखी वाटली; लोक नाव लिहायला कचरत. मग सुनेने चिठ्ठीऐवजी गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे खोक्यावर लिहायला सुरुवात केली आणि ती चालली. न परतलेल्या गाड्या कमी निघाल्या. दत्तजयंतीला मात्र खोकी इतकी साठली की पलीकडे पोचवता पोचवता नातू थकला. त्या गर्दीत रस्ता ओलांडणं धोक्याचं होतं, म्हणून पुढच्या पौर्णिमेपासून गर्दीच्या दिवशी ही सोय बंद ठेवली.

सीताफळाचा साधारण तिसरा हिस्सा स्टॉलवर गेला, अंजिराचा सातवा-आठवा. किलोमागे हातात येणारी रक्कम मार्केट यार्डापेक्षा बरीच जास्त, कारण भाडं, हमाली, तोलाई, घट यातलं काही नाही. पण आजींचे तास यात कुणी धरलेले नाहीत, आणि ते धरल्याशिवाय हा धंदा फायद्याचा आहे असं मी लिहिणार नाही. त्यावर घरात बोलणं झालं. पेरू आणि भाजीचे पैसे सुनेच्या खात्यावर, सीताफळाच्या गल्ल्यातला ठरलेला वाटा आजींचा, असं ठरलं. मुलाने आधी हसण्यावारी नेलं. आजी म्हणाल्या, "मग रविवारी तूच बस." वाटा सुरू झाला.

पुढच्या वर्षापुढे दोन प्रश्न आहेत. आजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मीठा बहाराच्या, म्हणजे अंजिराच्या उन्हाळी हंगामाच्या आधी करायची आहे. ते आठवडे स्टॉल बंद ठेवायचा, असं मी सुचवलंय. गावातली मुलगी रोजंदारीवर ठेवावी असं मुलाला वाटतं. तिला देठ पिरगाळायला, "आज-उद्या-परवा" ओळखायला शिकवलं तर होईलही, पण शिकवणाऱ्या आजीच. दुसरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. सुनेने या वेळी स्वतःहून विषय काढला: भाजीच्या पैशातून बांधते, पण साफसफाईला बाई लावायची आणि तिचा पगार सीताफळाच्या गल्ल्यातून द्यायचा. आजींचा होकार आहे. मुलगा अजून हिशेब करतोय.